चार फुटांचा चिक वेब, २८ इंची ड्रम आणि वाकवलेल्या नळ्यांची करामत

११ मे १९३७. न्यूयॉर्कमधलं हार्लेम. सॅव्हॉय बॉलरूम नावाच्या नाचघराबाहेर इतकी गर्दी झाली होती की पोलीस बोलवावे लागले. आत हजारो लोक, आणि आत जायला न मिळालेले हजारो लोक बाहेर रस्त्यावर.

त्या रात्री आत दोन बँडची जुगलबंदी होती. एका बाजूला बेनी गुडमन. तेव्हा अख्ख्या अमेरिकेत त्याचं नाव झालं होतं आणि लोक त्याला स्विंग संगीताचा राजा म्हणत होते. त्याच्या बँडमध्ये ड्रमवर होता जीन क्रुपा, देखणा, फिल्मी हिरोसारखा दिसणारा. दुसऱ्या बाजूला सॅव्हॉयचा घरचा बँड. त्याचा म्होरक्या स्वतःच ड्रमर होता. उंची जेमतेम चार फूट आणि पाठीला कुबड. समोर ठेवलेला ड्रम एवढा मोठा की लांबून पाहणाऱ्याला त्यामागे फक्त एक डोकं आणि दोन हात दिसायचे.

त्या रात्री जिंकला तो हा चार फुटांचा माणूस, विल्यम हेन्री वेब. सगळं जग त्याला चिक वेब म्हणायचं. चिक म्हणजे कोंबडीचं पिल्लू. अंगाने एवढासा, म्हणून हे नाव पडलं आणि त्यानेही ते मिरवलं.

चिक वेबच्या हाताच्या वेगाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण त्याच्याभोवतीच्या लोखंडाबद्दल, म्हणजे ड्रम आणि झांजा ज्यावर लटकायच्या त्या नळ्या, दांडे, पकडी आणि पेडल यांबद्दल फार कोणी बोलत नाही. खरं तर ते सामान नसतं, तर हा माणूस ड्रमसेटवर नीट बसूही शकला नसता.

चिकचा जन्म अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरातला. तारीख १० फेब्रुवारी. साल अनेक ठिकाणी १९०९ छापलं गेलं, पण आता १९०५ हेच धरलं जातं. लहानपणीच त्याला मणक्यांचा क्षयरोग झाला. या आजारात मणके आतून पोखरले जातात आणि पाठीचा कणा वाकतो. क्षयावरची औषधं तेव्हा निघालीच नव्हती, ती पुढे १९४० च्या दशकात आली. त्यामुळे पोर जगलं हेच खूप होतं. पण वाढ खुंटली, पाठ वाकली आणि दुखणं जन्मभर मागे लागलं.

डॉक्टरांनी सुचवलं की पोराला ड्रम वाजवू द्या, आखडलेलं अंग मोकळं व्हायला मदत होईल. चिकने ते मनावर घेतलं. रस्त्यावर पेपर विकून पैसे साठवले आणि ड्रम विकत घेतले. पुढे चेसापीक उपसागरात सहलीच्या बोटी चालायच्या, त्यांवरच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. तिथेच त्याला जॉन ट्रूहार्ट हा गिटारवादक भेटला. दोघांची गट्टी जमली आणि विशीच्या आसपास दोघांनी न्यूयॉर्क गाठलं.

आता चिकला तिथे काय वाजवायचं होतं, ते समजून घेण्यासाठी ड्रमसेटकडे जरा नीट बघावं लागेल.

एक माणूस बसलाय, पायाने मोठा ड्रम, हाताने छोटे ड्रम आणि झांजा, हे दृश्य आपल्याला अगदी साहजिक वाटतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. मोठ्या ड्रमला एक माणूस, छोट्याला दुसरा, झांजेला तिसरा, अशी मिरवणुकीतल्या बँडची रीत होती. नाटक कंपन्या आणि नाचघरांच्या मालकांना तीन पगार परवडेनात, जागाही पुरेना. मग एकाच माणसाने सगळं वाजवावं म्हणून खटपटी सुरू झाल्या. १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी वेगात चालणारं पायाचं पेडल विक्रीला आणलं आणि मोठ्या ड्रमचं काम हाताकडून पायाकडे गेलं. दोन्ही हात मोकळे झाले. मोकळे हात दिसले की लोक त्यांच्यासमोर आणखी वाद्यं लटकवणार, हे ओघानं आलंच.

झांज, छोटे ड्रम, लाकडी ठोकळे, गाईच्या गळ्यातली घंटा. हे सगळं टांगायचं कुठे? सगळ्यात सोपी जागा म्हणजे मोठ्या ड्रमचा कडा, कारण तो तसाही समोर उभाच असतो. कड्याला पकडी लावायच्या आणि त्यात दांडे अडकवायचे. त्यातूनच गूजनेक नावाची नळी आली. नावाप्रमाणे हंसाच्या मानेसारखी वाकवलेली ही नळी. तिचं एक टोक ड्रमच्या कड्याला घट्ट बसायचं, वरचं टोक पुढे झुकायचं आणि त्याला चामड्याच्या वादीने झांज लटकायची.

आजचे ड्रमर झांज टेकवून ठेवतात. म्हणजे सरळ उभ्या स्टँडच्या टोकाला नमद्याच्या चकत्या, मध्ये झांज आणि वरून फिरकी. गूजनेकवरची झांज तशी नसते. ती हवेत लोंबते. मारली की झुलते, फिरते, परत येते. वाजते मोकळी, नाद लांबतो, पण सलग बारीक ठोके द्यायला गेलं तर ती काडीपासून पळते. म्हणून जोरदार एकेक प्रहार द्यायचा किंवा वाजवून लगेच दुसऱ्या हाताने पकडून गप्प करायची, यासाठी ती उत्तम. त्या काळचे ड्रमर नेमकं हेच करत.

अडचण एकच. कड्यावर वजन वाढलं की ड्रम डोलायला लागतो, पायाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर इंच-इंच पुढे सरकतो आणि वर लटकलेलं सगळं खडखडतं. खाली दोन टोकदार खिळे लावून ड्रम जमिनीत रोवता येतो, पण वजनाचा प्रश्न उरतोच.

१९३० च्या दशकात यावर कन्सोल नावाचा उपाय चालला. मोठ्या ड्रमभोवती लोखंडी नळ्यांची चौकट उभी करायची, खाली चाकं लावायची आणि सगळी वाद्यं ड्रमऐवजी त्या चौकटीवर चढवायची. ड्रमवर भार येत नाही, एकदा लावलेली मापं बदलत नाहीत आणि कार्यक्रम संपला की अख्खा संसार ढकलत नेता येतो.

हे सगळं धडधाकट ड्रमरसाठी सोयीचा मामला होता. चिकच्या बाबतीत मात्र गणितच वेगळं होतं.

ड्रमसेट बनवणारे कारखाने एका सरासरी माणसाचं माप डोळ्यापुढे ठेवतात. त्याचे पाय इतके लांब, हात इतका पोचतो, बसल्यावर खांदा इतका उंच. चिक यातल्या कुठल्याच मापात बसत नव्हता. त्याने वाजवलेला मोठा ड्रम २८ इंच व्यासाचा होता, म्हणजे ७१ सेंटीमीटर. चार फुटांच्या माणसाने जमिनीवर उभं राहिलं, तर हा ड्रम कमरेच्या वर येतो. त्याच्यापलीकडचा बँड दिसायचा तर उंच बसायला हवं. उंच बसलं की पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. पाय पोचावेत म्हणून खाली बसलं, तर समोर नुसती ड्रमची भिंत.

लहान ड्रम घेतला असता तर हा प्रश्न सुटला असता असं वाटू शकतं. पण चिकला लहान ड्रम नको होता. सॅव्हॉयसारख्या प्रचंड हॉलमध्ये ड्रमजवळ माईक ठेवण्याची पद्धत नव्हती. नाचणाऱ्याच्या पायापर्यंत ठोका पोचवायचा तर तो ड्रमच्या आकारातूनच यायला हवा. त्यामुळे त्याने ड्रम मोठाच ठेवला आणि बाकीचं सगळं स्वतःच्या मापाचं करून घेतलं. पेडल खास बनवून घेतली. झांजा गूजनेकवर. आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फोटोंत त्याच्यासमोर ग्रेच कंपनीचा सेट दिसतो, कन्सोलवर चढवलेला. टॉम आणि लाकडी ठोकळे, सगळं त्या चौकटीवर, त्याच्या हाताच्या टप्प्यात. सेटवर कोंबडीच्या पिल्लांची नक्षीही जडवलेली होती. एवढी हौस तर हवीच.

इथे गूजनेकची खुबी लक्षात येते. सरळ स्टँडवरची झांज स्टँड जिथे उभा आहे तिथेच असते, आणि स्टँडचे तीन पाय जिथे मावतील तिथेच तो उभा राहतो. २८ इंची ड्रमच्या आजूबाजूला ते पाय ठेवायचे तर झांज लांब जाते. आखूड हाताच्या माणसाने प्रत्येक वेळी पुढे झुकून ती गाठायची म्हणजे दुखऱ्या पाठीला प्रत्येक वेळी हिसका. गूजनेक उलटं करतो. तो ड्रमच्या कड्यापासून निघतो आणि वाकून वादकाकडे येतो. माणसाने झांजेकडे जाण्याऐवजी झांज माणसाकडे येते. ज्याच्या पाठीत दुखणं मुरलंय, त्याच्यासाठी हा फरक रात्रभर वाजवता येणं आणि न येणं यांतला फरक आहे.

याच काळात झालेला आणखी एक बदल त्याच्या पथ्यावर पडला. पायाने वाजणाऱ्या जोडझांजा आधी घोट्याच्या उंचीवर असायच्या, त्यांना लो-बॉय म्हणत. १९२० च्या दशकाच्या अखेरीला कोणीतरी मधली नळी लांब केली, झांजा कमरेच्या वर आल्या आणि हाय-हॅट जन्माला आली. हातभर नळी वाढली एवढंच, पण आता तीच झांज पायानेही वाजू लागली आणि काडीनेही.

चिकला १९२६ मध्ये ब्लॅक बॉटम नावाच्या क्लबमध्ये स्वतःचा बँड घेऊन वाजवायची संधी मिळाली, तीही ड्यूक एलिंग्टनच्या शब्दामुळे. १९२७ मध्ये तो सॅव्हॉयला पोचला. मधली काही वर्षं हलाखीत गेली आणि १९३१ पासून सॅव्हॉय हेच त्याचं घर झालं.

सॅव्हॉय मार्च १९२६ मध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर सुरू झालं होतं. गोऱ्यांच्या बहुतेक नाचघरांत काळ्यांना प्रवेश नसायचा, त्या काळात इथे गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचत. मेपल लाकडाची जमीन, शेजारी-शेजारी दोन स्टेज, एक बँड थांबला की दुसरा सुरू. जाता जाता सांगायला हवं की सॅव्हॉय उघडलं तेव्हा तिथे वाजवणाऱ्या सॅव्हॉय बेअरकॅट्सचा नेता लिऑन अ‍ॅबी पुढे १९३५ मध्ये आपला बँड घेऊन थेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता.

चिकला नोटेशन वाचता येत नव्हतं. कागद बघून वाजवणाऱ्या तालमीतल्या वादकांचा बँड चालवायचा आणि स्वतःला कागद वाचता येत नाही, ही गंमतच. पण तो प्रत्येक रचना पाठ करायचा, प्रत्येक वाद्याची जागा डोक्यात ठेवायचा आणि बँडच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बसून ड्रममधूनच सगळ्यांना इशारे द्यायचा. चौथरा हाही त्याच्या सामानाचाच भाग म्हणायला हवा. त्याच्यावर बसल्याशिवाय सगळा बँड त्याच्या नजरेत येत नव्हता आणि तो बँडच्या नजरेत येत नव्हता.

१९३४ मध्ये त्याच्या बँडमधल्या एडगर सॅम्पसनची ‘स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय’ ही धून चिकच्या बँडने रेकॉर्ड केली. ती देशभर गाजली मात्र दोन वर्षांनी, बेनी गुडमनच्या रेकॉर्डमुळे. सॅम्पसनच्याच ‘डोन्ट बी दॅट वे’चं नशीबही असंच. काळ्यांच्या बँडने घडवायचं आणि गोऱ्यांच्या बँडने त्यावर नाव कमवायचं, हा तेव्हाच्या धंद्याचा शिरस्ता होता.

१९३५ मध्ये सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड बँडमध्ये आली. अंगावर धड कपडे नाहीत, घरदार सुटलेलं. चिकने आधी नाक मुरडलं, मग येल विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात तिला गाऊ दिलं आणि ठेवून घेतलं. त्याने तिला कायदेशीर दत्तक घेतलं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण ते खरं नाही. १९३८ मध्ये तिच्या आवाजातलं ‘अ टिस्केट, अ टास्केट’ हे बालगीतावरून केलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ज्या बँडला हार्लेम ओळखत होतं, त्याला अख्खा देश ओळखू लागला.

तर १९३७ ची ती रात्र.

त्याआधी मार्चमध्ये चिक ड्यूक एलिंग्टनच्या बँडकडून मार खाऊन बसला होता. सॅव्हॉयच्या घरच्या मैदानात हरणं त्याला झोंबलं होतं. आता समोर गुडमन होता आणि त्याच्यामागे क्रुपा.

क्रुपाचं ड्रमसेटबद्दलचं म्हणणं चिकच्या उलट होतं. तो शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीचे ड्रम वाजवायचा. टॉमची दोन्ही बाजूंची कातडी पिळून सूर लावता यावा, हा त्याचा आग्रह कंपनीने पुरा केला होता. त्याआधी बहुतेक टॉमची खालची बाजू खिळे ठोकून बसवलेली असायची. ठोकळे, घंटा, चौकट हा पसारा त्याने कमी केला. एक टॉम मोठ्या ड्रमवर, एक जमिनीवर, स्नेअर, आणि झांजा. आज जगभरातल्या दुकानात ड्रमसेट म्हणून जे समोर येतं, ते जवळपास क्रुपाचंच चित्र आहे.

सडपातळ, लांब हातांच्या माणसाला ती मांडणी शोभते. चिकने ती स्वीकारली असती तर दूरचा टॉम वाजवायला त्याला बाक सोडून उठावं लागलं असतं.

सॅव्हॉयच्या दोन स्टेजवर त्या रात्री हे दोन विचार शेजारी-शेजारी उभे होते. गुडमनचा बँड उत्तम वाजला. मग चिकने त्यांचीच गाणी घेऊन त्यांना उत्तर दिलं आणि हॉल पेटला. ठोकळ्यांवरून टॉमवर, टॉमवरून लटकत्या झांजेवर, झांज पकडून गप्प, तोवर पाय मोठ्या ड्रमवर. त्याचं वाजवणं कसं होतं हे ऐकायचं असेल तर त्याच वर्षीची ‘हार्लेम काँगो’ची रेकॉर्ड ऐका. इतक्या वेगात इतके वेगळे आवाज एकामागे एक येतात, ते सगळे वीतभर अंतरावर असल्याशिवाय येणं शक्य नाही. सामान हाताशी आणून बांधलेल्या माणसाचंच हे वादन आहे.

निकाल प्रेक्षकांनी दिला, चिकच्या बाजूने. आणि क्रुपाने सगळ्यांदेखत त्याला वाकून मान दिला. पुढे आयुष्यभर तो चिकचं ऋण मान्य करत राहिला.

जानेवारी १९३८ मध्ये गुडमनने कार्नेगी हॉल गाजवला, त्याच रात्री सॅव्हॉयमध्ये चिकची गाठ काउंट बेसीच्या बँडशी पडली. कार्नेगी आटोपून अनेक वादक इकडे ऐकायला आले. त्या रात्री कोण जिंकलं यावर मात्र ऐकणाऱ्यांचं कधी एकमत झालं नाही.

१९३८ मध्येच तब्येत ढासळायला लागली. देशात मंदी होती. दौरे थांबवले तर बँडमधल्या सगळ्यांच्या घरची चूल बंद. चिक थांबला नाही. खेळ संपला की अनेकदा तो थकून बेशुद्ध पडायचा आणि दुसऱ्या गावात पुन्हा चौथऱ्यावर चढायचा. सामान आपल्या मापाचं करून घेता येतं, शरीराचं तसं करता येत नाही.

१९३९ मध्ये त्याला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेलं. मोठी शस्त्रक्रिया झाली, पण १६ जून १९३९ रोजी तो गेला. वय अवघं ३४. अंत्यविधीला एला गायली.

बँड पुढे एलाच्या नावाने चालला. ड्रमच्या बाकावर बिल बीसन बसला. १९४२ पर्यंत तो बँड टिकला आणि मग एला एकटीने जगभर गाऊ लागली.

गूजनेकही फार टिकला नाही. झांजा मोठ्या आणि जड होत गेल्या, ड्रमर त्यांवर सलग लय वाजवू लागले आणि त्यासाठी न पळणारी झांज हवी होती. सरळ स्टँड जिंकला. कन्सोलही अडगळीत गेला. चौकटीची कल्पना मात्र १९८० च्या दशकात परत आली, जेव्हा पर्ल कंपनीने जेफ पोर्कारो या ड्रमरच्या साथीने ड्रम रॅक बाजारात आणला. आजही ज्यांचे हात-पाय सरासरी मापाचे नसतात, खांदा किंवा कंबर दुखावलेली असते, असे ड्रमर रॅक घेतात, कारण त्यावरची प्रत्येक पकड हवी तिथे सरकवता येते आणि तिथेच आवळून ठेवता येते.

सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झालं आणि इमारत पाडली गेली. बाल्टिमोरच्या पूर्व भागात मात्र १९४७ मध्ये मुलांसाठी एक क्रीडाकेंद्र उभं राहिलं, पोहण्याचा तलाव असलेलं. त्याला नाव दिलं आहे चिक वेबचं.